दादा, लोडर लावण्याआधी हे वाच

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा तू म्हणालास, आपल्या ५७५ ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे माती-खत उचलायची बकेट, बसवून घेणार, गावातलाच फॅब्रिकेटर करून देतोय. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

इथे व्हरमाँटमध्ये आम्ही गेल्या उन्हाळ्यात हेच केलं. आमचा ट्रॅक्टर जॉन डिअर ८५०, १९८० सालचा. नाव अमेरिकेचं, पण बनलाय जपानात, यान्मारकडे. तीन सिलिंडर, पीटीओला, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, साधारण २२ हॉर्सपॉवर, म्हणजे आपल्या ५७५च्या जवळपास निम्मा. पण खणखणीत आहे, थंडीतही दोन हिसक्यांत सुरू होतो. बर्फ लोटायचा, ओंडके उचलायचे, शेणखत भरायचं, हे सगळं फावड्यानं करून यांची कंबर गेली होती. याच मॉडेलचा जुना लोडर मिळाला आणि आम्ही घेतला.

बसवायला दोन दिवस लागले. हायड्रॉलिकचा पंप एकच, त्यामुळे तेल आधी लोडरच्या व्हॉल्व्हला आणि तिथून ‘पॉवर बियाँड’च्या, म्हणजे तेल पुढे सोडायच्या तोंडातून मागच्या लिफ्टला द्यावं लागतं. व्हॉल्व्ह घेताना ते तोंड आहे ना, एवढं बघ. नाहीतर लोडर चालेल आणि नांगर उचलायचा नाही. आणि होजमधून तेल कुठे फवारतंय का, हे कधीही हात फिरवून बघू नकोस. पुठ्ठा धर. त्या दाबानं तेल कातडीत घुसतं, बोट कापायची वेळ येते.

आता खरं सांगायचं ते. ऑक्टोबरात मी ओली खडी भरून उतारावरून खाली येत होते. मागे काहीच जोडलेलं नव्हतं, बकेट छातीएवढी वर. मागचं डावं चाक वीतभर सुटलं. दोन्ही ब्रेक दाबले तरी ट्रॅक्टर घसरतच राहिला, कारण ब्रेक मागच्या चाकांनाच असतात आणि तीच हलकी झालेली. लिव्हर पुढे ढकलला, बकेट जमिनीत रुतली, तेव्हा थांबला. खाली उतरल्यावर माझे पाय लटपटत होते. यांना मी दोन दिवस सांगितलं नाही.

त्यानंतर आधी मागे जोडायचं वजन तयार केलं. अर्ध्या ड्रमात काँक्रीट ओतून त्यात मागच्या लिंकला जोडायच्या पिना बसवल्या, साधारण २४० किलो झालं. मागच्या टायरांत इथे बीटाचा रस भरतात. रस कसला, साखर काढून उरलेली मळीच ती! थंडीत गोठत नाही, रिम गंजत नाही. तुला नुसतं पाणी चालेल. पण लोडर लावलाय आणि मागे काही नाही, असं ट्रॅक्टर शेडबाहेर काढायचंच नाही. आणि भरलेली बकेट गुडघ्याच्या वर नेऊन चालवायचं नाही, विशेषतः पोरं चालवतील तेव्हा.

फॅब्रिकेटरला एक निक्षून सांग. पुढच्या चार बोल्टांवर लोडर टांगू नको, दोन्ही बाजूंनी पट्टे मागच्या ॲक्सलपर्यंत ने. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात, तेच त्याचं अंग. लोडरचा झटका तिथे बसला तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, तडकतं. पुढच्या ॲक्सलची मधली पिन आणि बुश आत्ताच काढून बघ. आमची पिन एका बाजूनं घासून चपटी झाली होती. पॉवर स्टीअरिंग नसल्यानं भरल्या बकेटीनं वळवताना खांदे भरून येतात, ते वेगळंच.

बकेट काढून फोर्क, म्हणजे ओझं उचलायचे लोखंडी दाते, लावता यावेत म्हणून आम्ही क्विक अटॅचची प्लेट घेतली. तिचं स्वतःचं वजन आणि बकेट पुढे सरकते ते, यानं उचलायची ताकद थोडी कमी झाली. तरी मला पटली. बकेट सोडून फोर्क घालायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि सरपणाची अख्खी थप्पी एका खेपेत अंगणात येते. तुला मात्र खत आणि मातीच ओढायची आहे, तर साध्या पिनांची बकेट घे आणि पैसे वाचव.

वेल्डिंग करायच्या आधी पट्ट्यांचे फोटो पाठव, वहिनीच्या फोनवरून पाठवलेस तरी चालतील. इकडे रात्र असली तरी मी बघीन. आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
मनू