विकास आराखड्यावरील हरकती : रविवारी बैठक

सभासदहो, नमस्कार.

नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा, लागला आहे. हरकती लेखीच द्यायच्या. ग्रुपवर अंगठा दाखवून त्या नोंदल्या जात नाहीत! रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयात नकाशा उलगडून बसू. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणा, गट नंबराशिवाय नकाशात आपली जागा सापडत नाही.

१९६६ च्या नगररचना कायद्याखालचा हा आराखडा वीसेक वर्षं मानगुटीवर बसतो. म्हणून ओढा नीट बघा, निळी रेघ जुन्या नकाशापेक्षा बारीक दिसते. बागेसाठी राखलेली जागाही (आरक्षण) तशीच नीट बघा : दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

– सचिव