सताऱ्याहून साताऱ्याला

सतारा कॅम्प, क्रूगर
14 जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, वर 'सतारा' लिहिलंय ते चुकून नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात, साधारण मध्यावर, याच नावाचा कॅम्प आहे. जुन्या काळी इथल्या जमिनीची मोजणी चालली होती, तेव्हा एका भारतीय मदतनिसाने सतराव्या तुकड्याला आपल्या भाषेत 'सतरा' म्हटलं आणि त्याचंच पुढे सतारा झालं, असं सांगतात. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आई, तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे. इथे ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर वाटेत कुठेही गाडीतून उतरायला मनाई आहे. कॅम्पचं फाटक जुलैत सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं, त्याच्या आत परतावंच लागतं. डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरची मर्यादा आहे, पण मी वीसच्या वर क्वचित जाते. जोरात गेलं की पक्षी दिसतच नाहीत. तिकडे धो धो पाऊस असेल. इथे कोरडा हिवाळा आहे, गवत वाळलंय, पानं झडलीत, म्हणून पक्ष्यांना लपायला जागा कमी.

तू जुन्या जीन्सची शिवून दिलेली पिशवी फार कामाला आली. इथल्या दुकानातून दोन किलो घेवड्याचे दाणे घेतले आणि तिच्यात भरले. काच खाली करायची, खिडकीवर पिशवी, पिशवीवर लेन्स, आणि इंजिन बंद, नाहीतर गाडीची थरथर फोटोत उतरते. आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा भाऊबंद इथे जागोजागी उघड्या फांदीवर बसलेला असतो. तो उडताना टिपायचा तर आधी वारा बघायचा. पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून झेप घेतो, म्हणून वारा आणि ऊन दोन्ही माझ्या पाठीकडून असेल अशी गाडी लावते. उडण्याआधी तो किंचित दबतो. बोट त्या क्षणी दाबायचं, पंख उघडल्यावर नव्हे. चार दिवसांत एक फोटो मनासारखा आला.

पण हे पत्र दुसऱ्याच पक्ष्यासाठी लिहायला घेतलंय.

परवा उजाडायच्या आधी कॅम्पमध्ये चहा घेत होते. लांबून आवाज आला, रिकाम्या रांजणात कुणी हुंकार द्यावा तसा खोल. फाटक उघडल्यावर त्या बाजूच्या कच्च्या रस्त्याला लागले. अर्ध्या तासाने ते दिसले, जमिनीवरून चालणारे धनेश. टर्कीएवढे काळे पक्षी, गळ्याला लालभडक कातडीची पिशवी, एका ओळीत पसरून गवत धुंडाळत माझ्याकडेच येत होते. चार मोठे आणि एक पिल्लू. पिल्लाचा गळा अजून फिका होता.

काळा पक्षी दिसला की कॅमेऱ्याला अंधार वाटतो आणि तो सगळंच उजळ करून ठेवतो. मग काळा राखाडी होतो, लाल फिका पडतो. म्हणून मी प्रकाश एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, कमी केला. पुढचा पक्षी इतका जवळ आला की त्याच्या लांब पापण्या मोजता आल्या असत्या. त्याच्या चोचीत एक बेडूक आणि दोन-तीन किडे होते. ते न गिळता तो पिल्लाकडे गेला.

बाबा, परसातल्या आंब्याच्या ढोलीत तुम्ही मला राखी धनेशाचं घरटं दाखवलं होतं ना? मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फटीतून भरवतो. यांच्याकडे तसं नाही. मादी ढोली लिंपत नाही, आणि तिला एकटा नर नाही, सगळं कुटुंब भरवतं. मोठी झालेली मुलं वर्षानुवर्षं आई-बापाजवळ राहतात, धाकट्यांना वाढवतात. अंडी बहुधा दोन असतात, पण दुसरं पिल्लू उपासमारीने मरतं. एका कळपातून सरासरी नऊ वर्षांत एकच पिल्लू उडण्याइतकं मोठं होतं. ढोली पडण्याजोगी जुनी झाडं कमी होत चालली आहेत, शिवाय विषबाधेनेही पक्षी मरतात. हे धनेश वाचवण्यासाठी चालणाऱ्या माबुला प्रकल्पातली माणसं मरणार असलेलं दुसरं पिल्लू उचलून हाताने वाढवतात. समोर चालणारं ते एक पिल्लू किती मोलाचं होतं, हे कळल्यावर माझ्या हाताला खरंच कंप सुटला.

त्या चौघांतला एक मला दादा वाटला. ऑपरेशनच्या दिवशी बाबांचा हात धरून तो होता, औषधाचे थेंब तासातासाला तो घालत होता, आणि मी इथे होते. हे फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. त्याला वाचून दाखवा.

या पक्ष्याला झुलू भाषेत इन्सिंगिझी म्हणतात. आपल्याकडे पावशाने 'पेर्ते व्हा' म्हटलं की पाऊस आला समजतात, तसंच इथले लोक याचं नातं पावसाशी जोडतात.

सोबत तीन फोटो मोठे छापून पाठवतेय. पिल्लाचा फोटो बाबांच्या खुर्चीसमोर लावा, उजेड खिडकीकडून पडेल असा. आई, पिशवीची एका कोपऱ्यातली शिवण उसवलीय आणि दाणे सांडताहेत. दिवाळीला येईन तेव्हा तिथे दुहेरी टीप मारून दे.

तुमची,
छोटी