चूक परवडणं

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. शिष्यवृत्ती सुरू करतोयस हे झकासच, पण "एकदा गुण घसरले की मदत बंद" ही तुझी अट मला खटकली. हुशार पोर कुठूनही वर येतं, असं तू लिहितोस. येतंही. वाटेत त्याला किती चुका परवडतील, हे मात्र घराच्या ऐपतीवर ठरतं.

सुरुवात शाळेच्या फार आधी होते. आईला दिवस गेल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या हजारेक दिवसांत पोषण अपुरं पडलं आणि जुलाबाची दुखणी पुन्हापुन्हा झाली, तर उंची खुंटते. ती कसर पुढे फारशी भरून निघत नाही.

मग बोलणं. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकन संशोधकांचा १९९५चा आकडा तू ऐकला असशील: सुस्थितीतल्या घरात मुलाला उद्देशून ताशी सुमारे २१०० शब्द, सरकारी मदतीवरच्या घरात सुमारे ६००. तो जपून वापर. घरं अवघी ४२, त्यातली मदतीवरची सहाच. पुढे आसपासच्या माणसांचं बोलणंही मोजलं गेलं, तेव्हा ही दरी बरीच बुजली.

मला शब्दांच्या मोजणीपेक्षा ॲनेट लारो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी घराघरांत बसून टिपलेलं जास्त पटतं. डॉक्टरकडे जाताना सुस्थितीतली आई मुलाला वाटेतच सांगते, "काय विचारायचंय ते ठरवून ठेव, काहीही विचार." आत गेल्यावर मूल डॉक्टरांचं बोलणं मध्येच तोडतं, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कष्टकरी घरातली आई तिथे हळू आवाजात, मोजकं बोलते आणि मूल गप्प राहतं. दहाव्या वर्षीच एकाला कळलेलं असतं की मोठ्या खुर्चीतला माणूस आपल्यासाठी बसलाय. दुसरं शिकतं, त्याला त्रास द्यायचा नाही. वर्गात गणित अडलं की पहिलं हात वर करतं, दुसरं खोडरबर घासत बसतं. शिक्षकाला वाटतं, याला सगळं समजलंय.

धीराचंही तसंच. आता खाऊची एक गोळी की थोडं थांबून दोन, हा मुलांवरचा प्रयोग आठवतो ना? त्यावरून संयमी मुलं पुढे यशस्वी होतात असं सगळीकडे सांगितलं गेलं. २०१८मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर पुन्हा तपासलं, तर घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर तो संबंध जेमतेम एक तृतीयांश उरला. आणि दिलेला शब्द पाळला जाईल याचा भरवसा जिथे नाही, तिथे समोरचं उचलणं हाच शहाणपणा, नाही का?

नोकरीतही सुटका नाही. ब्रिटनमधल्या सुमारे १८ हजार सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांची १९६७पासून पाहणी झाली. सगळे पगारदार, मोफत सरकारी आरोग्यसेवा असलेले. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला.

आता तुझ्या नियमांकडे. फीची पावती दाखवा, मग पैसे देऊ, असं ठेवू नकोस. आधी भरायला पैसे असते तर मूल तुझ्याकडे आलंच नसतं. फी थेट संस्थेत भर. प्रवास आणि पुस्तकांचे पैसे सत्र सुरू होण्याआधी दे. अर्ज एका पानाचा कर. कागद अपुरा असला तर अर्ज बाद करण्याऐवजी फोन कर, कारण दाखला आणायचा म्हणजे आईबापाचा एका दिवसाचा रोज बुडतो. आणि गुण घसरले तर मदत थांबवू नकोस, निदान दोन सत्रं तरी चालू ठेव. घरात कुणी आजारी पडलं की पहिली गैरहजेरी याच मुलाची लागते. गुण त्यानंतर घसरतात.

मुलाखत घेणारच असशील, तर "काही विचारायचंय?" या प्रश्नावर गप्प राहणाऱ्याचे गुण कापू नकोस. मसुदा पाठव, लाल पेन काढून ठेवलंय.

तुझा,
अविनाश