अर्धशिशीच्या मागावर: दिगूस पत्र

मिरज, रविवार

प्रिय दिगू,

तुझी अर्धशिशी कशाकशाने उठते याच्या, तू पाठवलेल्या यादीचा फोटो पाहिला. दही, केळं, लिंबाचं लोणचं, चॉकलेट, ऊन, जागरण, अगरबत्ती, आणि सगळ्यात खाली वहिनींच्या अक्षरात 'चिडचिड'. यातलं काही खरं असेलही. उपास आणि जागरण तर बहुतेकांना बाधतंच. पण डोकं उठलं रे उठलं की 'काल काय खाल्लंस' अशी घरात उलटतपासणी सुरू होते आणि तू आरोपीसारखा उत्तरं देत बसतोस, हे मला पटत नाही. फार्मसीच्या पोरांना दरवर्षी हा विषय शिकवतो, मग तुला एकदा नीट सांगायला काय हरकत आहे?

हॅम्बुर्गच्या लॉरा शुल्टे आणि आर्ने मे यांनी २०१६ साली एक अभ्यास छापला. अर्धशिशीच्या एकाच रुग्णाला त्यांनी तीस दिवस रोज एमआरआयमध्ये झोपवलं. तेवढ्यात तीन अटॅक आले. दुखायला लागण्याआधीच्या चोवीस तासांतच हायपोथॅलॅमसचं काम बदललेलं दिसलं. भूक, तहान, झोप सांभाळणारा मेंदूचा भाग तो. आता तुझंच बघ. आदल्या संध्याकाळी तुला जांभयांवर जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात. मग तू चॉकलेट खातोस आणि सकाळी खापर चॉकलेटवर फुटतं. अटॅक कदाचित त्याच्या आधीच सुरू झालेला असतो. चिडचिडही त्याच खात्यात जमा. एका रुग्णावरून शास्त्र ठरत नाही हे मान्य, पण लंडनचे पीटर गोड्सबी यांच्या गटालाही दुखण्याआधीच्या स्कॅनमध्ये हायपोथॅलॅमस जागा झालेला दिसला होता. वहिनींना दाखवायला एवढं पुरे.

अटॅकच्या आधी तुला डाव्या बाजूला चमचमणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात म्हणून तू दोनदा चष्म्याचा नंबर तपासलास ना? डोळे ठणठणीत आहेत तुझे. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हेच व्हायचं. पठ्ठ्या कागद घेऊन बसायचा आणि दिसेनासा झालेला भाग कसा पसरतोय याची चित्रं काढायचा. त्यावरून १९४१ मध्ये त्याने हिशोब मांडला की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने सरकतंय. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडिस लेआओंना हार्वर्डमध्ये सशाच्या मेंदूत एक लाट सापडली. ते शोधत होते फेफऱ्याबद्दल! ही लाट जिथून जाते तिथला विजेचा व्यवहार काही काळ थंडावतो, आणि तिचा वेगही जवळजवळ तेवढाच. दोन्हींचा मेळ लागायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली.

दुखण्याचं कारण कळायला त्याहून वेळ लागला. न्यूयॉर्कचे हॅरल्ड वुल्फ यांनी १९३८ मध्ये दाखवलं की अर्गोटामिन हे औषध दिलं की कानशिलाच्या धमनीच्या ठोक्यांचा जोर उतरतो आणि डोकंही उतरतं. झालं, 'रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखतं' हे पाठ्यपुस्तकांत कायम झालं. याच वुल्फनी रुग्णांचा स्वभावही रंगवला: महत्त्वाकांक्षी, काटेकोर, आतल्या आत कुढणारे. 'तुझा स्वभावच तसा' हे उत्तर तेव्हापासून डॉक्टरांनाही सोयीचं झालं. मला त्याचा मनस्वी राग येतो.

खरा धागा हाती लागला तो चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूत. गोड्सबी आणि स्वीडनचे लार्स एडविन्सन यांनी अटॅक चालू असतानाच रुग्णांच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. विचार कर, उजेड सहन होत नाही, उलटी गळ्याशी आलेली, आणि मानेत सुई. त्या रक्तात सीजीआरपी नावाचा, या मज्जातंतूतून सुटणारा पदार्थ वाढलेला निघाला. हे १९९० सालचं. सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीचं औषध दिल्यावर तो खाली आला आणि दुखणंही. पण तो कारण की परिणाम? कोपनहेगनमध्ये येस ओलेसन यांच्या गटाने २००२ मध्ये अर्धशिशी असलेल्या माणसांना सीजीआरपीच शिरेतून दिला, आणि त्यातल्या काहींना काही तासांनी अटॅक आला. विज्ञानासाठी आपणहून डोकं उठवून घेणाऱ्या त्या मंडळींना माझा दंडवत. गोड्सबी, एडविन्सन, ओलेसन आणि अमेरिकेचे मायकेल मॉस्कोविट्झ यांना २०२१ मध्ये ब्रेन प्राइझ मिळालं.

यातूनच सीजीआरपीची वाट अडवणारी इंजेक्शनं आली. पहिलं एरेन्युमॅब, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, महिन्यातून एकदा घ्यायचं. ९५५ रुग्णांच्या चाचणीत मोठा डोस घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले. उरलेल्या निम्म्यांना तेवढा फायदा नाही, म्हणजे सीजीआरपी ही सगळी गोष्ट नव्हे. शिवाय किंमत ऐकून वेगळं डोकं दुखेल. तुझ्यासारख्याला आधी जुनी, स्वस्त औषधंच देतात. प्रोप्रॅनोलॉल चांगलं आहे, मूळचं हृदयरोगाचं, पण तुझा लहानपणचा दमा न्यूरोलॉजिस्टना आधी सांग. दमेकऱ्याला ते चालत नाही.

आता बोलणी खा. वहिनी म्हणाल्या, तुझ्या शर्टाच्या खिशात कायम पेनकिलरची स्ट्रिप असते. साधी पेनकिलर महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान, म्हणजे सुमाट्रिप्टानच्या जातीची औषधं, दहा किंवा जास्त दिवस असं महिनोन्‌महिने चाललं, की गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. गोळी घेतलेल्या दिवशी कॅलेंडरवर फुली मार आणि ते कॅलेंडर डॉक्टरांकडे घेऊन जा, खाण्याची यादी नको. आणि घ्यायचीच तर दुखणं चढण्याआधी घे. अटॅकमध्ये जठराचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी तशीच पोटात पडून राहते.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वश्या

ता. क. सूर्योदयाआधी दूध-जिलेबीचं विचारलंस. तुझ्या आजीला त्याने बरं वाटायचं हे मी नाकारत नाही. वरच्याच चाचणीत नुसत्या खोट्या इंजेक्शनवरही २६.६ टक्के लोकांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले होते. खा बिनधास्त, फक्त तुझी शुगर किती आहे ते आधी कळव.