मेलेल्याला कोण मारणार?

संपादक महोदय,

कॉमिक्समधल्या नायकांचा विषय निघाला की सगळे सुपरमॅनपाशीच घुटमळतात. सुपरमॅनच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जेरी सीगल यांनी चित्रकार बर्नार्ड बेली यांच्यासोबत 1940 मध्ये घडवलेला ‘स्पेक्टर’ मात्र कुणाला आठवत नाही. जिम कॉरिगन हा पोलीस, तोच पुढे स्पेक्टर होतो. गुंड त्याला सिमेंट भरलेल्या पिंपात कोंबून पाण्यात ढकलतात. तो मरतो, पण सुटत नाही. गुन्हेगारी संपेपर्यंत पृथ्वीवरच राहा, असा वरून हुकूम येतो. परतल्यावर तो ठरलेलं लग्न मोडतो. मला तर मारामाऱ्यांपेक्षा हाच भाग चटका लावून गेला.

अडचण एवढीच, की मेलेल्याला आणखी काय होणार? गोळी लागत नाही, भिंत अडवत नाही. मग वाचकाचा जीव टांगणीला लागावा कसा? म्हणून 1972 मधला ‘घोस्ट रायडर’ मला सरस वाटतो. डोक्याच्या जागी जळती कवटी जरा भडकच, कबूल. पण मानलेल्या बापाचा कर्करोग बरा व्हावा म्हणून जॉनी ब्लेझ, म्हणजे पुढचा घोस्ट रायडर, सैतानाशी सौदा करतो. कर्करोग जातो आणि बाप मोटारसायकलच्या उडीत मरतो.

– एक जुना कॉमिक्सवेडा