थोरल्या आबांना रंगवताना

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत धारातीर्थी पडलेल्या आपल्या थोरल्या आबांची प्रतिकृती या आठवड्यात पूर्ण झाली. फोनवर आईने विचारले होते की एवढ्याशा बाहुल्याला इतके महिने कसे लागतात, आणि बाबांनी विचारले होते की ते दिसतात तरी कसे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे बोलण्याच्या ओघात नीट देता आली नाहीत, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. बाबांच्या मनात असलेली एक गोष्ट मी केलेली नाही, तिचे कारणही याच पत्रात सांगायचे आहे.

बाबा, तुमची इच्छा होती की आबा संगीन रोखून धावत सुटलेले असावेत, तोंडातून ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना निघालेली असावी, आणि पाहणाऱ्याला एका क्षणात कळावे की हा मराठा पलटणीचा शिपाई आहे. तसा साचा विकतही मिळाला असता. परंतु आबा ज्या हल्ल्यात पडले त्याविषयी आपल्या हातात काय आहे, हे मी पुन्हा पुन्हा तपासले. पणजीला आलेली तार, तिच्या पेन्शनचे कागद, मागच्या बाजूला नाव कोरलेली पदके आणि १९४१ मध्ये बेळगावला ट्रेनिंग संपल्यावर काढलेला तो एक फोटो, एवढेच आहे. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीतल्या सेनिओ नदीवर काय घडले हे पलटणीच्या इतिहासातून समजते. दुपारभर विमानांनी बाँब टाकले, मग तोफा आणि आग ओकणाऱ्या गाड्या पुढे आल्या, आणि अंधार पडण्याच्या सुमारास आठव्या भारतीय डिव्हिजनचे जवान पुराच्या बांधांवरून पाण्यात उतरले. डाव्या हाताला न्यूझीलंडची डिव्हिजन होती. त्याच संध्याकाळी, आबांच्याच १/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या, म्हणजे तिच्या पहिल्या बटालियनमधल्या, नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या बांधावरून अलीकडे आणले, पुन्हा एकट्याने बांध ओलांडून मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली, हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना तेव्हा हातबाँब फेकले, आणि शेवटी बांधावर उभे राहून गर्जना करत उरलेल्या कंपन्यांना पलीकडे बोलावले. हे सारे त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या मानपत्रात नोंदलेले आहे. आपल्या आबांचे शेवटचे क्षण मात्र कुणी लिहून ठेवलेले नाहीत. ते पाण्यात पडले की बांधावर, हातात रायफल होती की दारूगोळ्याची पेटी, हे ठाऊक नसताना त्यांच्या चेहऱ्यावर आवेश रंगवायला माझा हात धजेना. नामदेव जाधवांचा पराक्रम उसना घेऊन तो आबांच्या अंगावर चढवणे मला दोघांच्याही बाबतीत अन्यायाचे वाटले.

म्हणून मी दीड-दोन महिने मागे गेले. त्यांची डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरली, सांग्रो नदी आणि नंतर कॅसिनोजवळची गारी नदी ओलांडून उत्तरेकडे सरकत गेली, १९४४ च्या डिसेंबरअखेर तिला घाईघाईने सेर्क्यो नदीच्या खोऱ्यात जावे लागले, आणि फेब्रुवारीत ती पुन्हा पूर्वेकडच्या आघाडीवर येऊन सेनिओच्या अलीकडे थांबली. त्या थांबलेल्या दिवसांत आबा तिथे होते, हे नक्की आहे. थंडी होती, चिखल होता, बांधापलीकडे शत्रू होता आणि वाट पाहणे होते. माझ्या प्रतिकृतीत आबा बांधाला पाठ टेकून उभे आहेत, रायफल खांद्याला अडकवलेली आहे, दोन्ही हातांनी चहाचा पत्र्याचा मग धरला आहे आणि मान किंचित डावीकडे वळवून ते कुणाचे तरी बोलणे ऐकत आहेत. बाबा, हे पाहून तुम्हाला सुरुवातीला थोडे उणे वाटेल याची मला कल्पना आहे, तरी एकदा जवळून पाहून मगच मत द्यावे ही विनंती.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. इटलीतल्या भारतीय शिपायाचा आयता साचा मला हव्या त्या मापात मिळाला नाही, म्हणून आठव्या आर्मीतल्या इंग्रज सैनिकाचा रेझिनचा संच घेतला. त्याचे माप एकास सोळा आहे, म्हणजे खरा माणूस सोळा पट लहान केलेला. साचा चांगला सहा फुटी गड्याचा होता आणि भरतीच्या कागदावर आबांची उंची पाच फूट पाच इंच नोंदलेली आहे, त्यामुळे प्रतिकृती दहा सेंटिमीटरच्या जरा वर यायला हवी होती आणि हातात होती साडेअकराच्या आसपास. नुसते पाय कापून चालत नाही. मांडी, पोटरी, धड आणि हात या सगळ्यांतून थोडे थोडे कमी करावे लागते, नाही तर माणूस खुजा न दिसता बेढब दिसतो. प्रत्येक काप घेतल्यावर दोन्ही तुकड्यांना बारीक भोक पाडून आत पितळी तार बसवली, सांधा चिकटवला, आणि वरून आपल्या नळदुरुस्तीवाल्याकडे असते तेच एम-सील भरून कापडाच्या चुण्या नव्याने कोरल्या. परदेशी पुट्टी यापेक्षा मऊ आणि कोरायला सोपी असते, पण एम-सील एकदा घट्ट झाले की घासायला उत्तम, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. रेझिन घासताना उडणारी भुकटी छातीला वाईट, म्हणून हे सारे काम पाण्यात बुडवून आणि तोंडाला मास्क लावून केले. आई, तुझी काळजी लक्षात होती.

अंगावर लोकरीचा खाकी बॅटलड्रेस आहे आणि त्यावर बिनबाह्यांचे चामड्याचे जर्किन, जे त्या हिवाळ्यात आघाडीवरचे जवान वापरत. जर्किनमुळे खांद्यावरच्या पट्ट्या आणि चिन्हे झाकली जातात, आणि मला ते बरेच वाटले, कारण खूण दाखवण्यासाठी खूण दाखवायची नव्हती. पदके तर मुळीच रंगवली नाहीत. तांबड्या, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या फितीचा तो इटली स्टार युद्ध संपल्यावर पणजीच्या हातात आला. आबांनी तो कधी पाहिलेला नाही. चामडे रंगवण्यात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. आधी गडद तपकिरी थर, त्यावर तांबूस तेलरंगाचा पातळ हात, आणि मग जिथे वस्तू रोज घासली जाते तिथेच उजळपणा: उजव्या खांद्यावर रायफलचा पट्टा फिरतो तिथे, बटणांच्या काजांभोवती आणि खालच्या कडेला. लोकर याच्या अगदी उलट असते. तिला चकाकी अजिबात नको, म्हणून जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग टेकवत टेकवत चढवला, त्यामुळे भिंगातून पाहिले तर पँटवर कापडाचा खरखरीतपणा जाणवतो. गुडघ्याखाली ओलसर चिखलाची रेघ आहे आणि बुटांच्या टाचांत तो वाळलेला आहे.

चेहऱ्याला सर्वांत जास्त वेळ लागला. साच्याबरोबर आलेले डोके मी वापरलेच नाही. तारेवर पुट्टीचा गोळा घेऊन नवे घडवले. बेळगावच्या फोटोत आबा स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभे आहेत, नजर कॅमेऱ्याच्या जराशी वर आहे, आणि त्यांच्याविषयी निश्चित कळणाऱ्या गोष्टी तीनच: कान बाहेर आलेले, भुवया नाकाच्या मुळाशी जवळ आलेल्या आणि खालचा ओठ जाड. बाबा, हे तिन्ही तुमच्यात आहे. म्हणूनच गेल्या दिवाळीत मी तुम्हाला अंगणात उन्हात बसवून चहूबाजूंनी फोटो काढले होते, आणि तुमच्या लग्नाचा अल्बम उचलून आणला होता. समोरून नाक कसे आहे हे आबांच्या फोटोवरून समजले, बाजूने कसे असेल हे तुमच्यावरून घेतले. आपल्या घरात म्हाताऱ्या माणसांनी ‘हा थोरल्यावर गेलाय’ असे तुम्हाला आयुष्यभर म्हटले, त्याचा मला असा प्रत्यक्ष उपयोग झाला. डोक्यावर लोखंडी हेल्मेट ठेवले असते तर भुवया आणि कान दोन्ही झाकले गेले असते, म्हणून हेल्मेट पायाशी ठेवले आहे आणि डोक्यावर थंडीतली लोकरीची टोपी आहे.

रंगाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. बाजारात ‘त्वचा’ म्हणून मिळणारे बहुतेक रंग गोऱ्या माणसाचे असतात, आणि आपला माणूस दाखवायचा तर त्यात तपकिरी मिसळा असे पुष्कळ जण सांगतात. तसे केले की चेहरा मळलेला दिसतो. गव्हाळ कातडीला मुळातूनच वेगळी सुरुवात लागते. भाजलेल्या सिएन्नाचा तांबूस तपकिरी आणि पिवळी गेरू यांचा पाया घातला, सावल्यांत अंबर या गडद मातकट तपकिरी रंगात किंचित किरमिजी मिसळला, आणि गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर उजेड दाखवताना पांढऱ्याला हात न लावता गेरूतच थोडा नारिंगी घातला, कारण पांढऱ्याने सावळी कातडी राखट होते. तेलरंग सावकाश वाळतात, त्यामुळे दोन छटांमधली सीमा कोरड्या ब्रशने हळूहळू पुसून टाकता येते. त्या मापात एक डोळा जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असतो. बुबुळ रंगवताना मनगट टेबलावर टेकवून, श्वास रोखून एकाच स्पर्शात ठिपका द्यावा लागतो. आई, रांगोळीचे ठिपके काढताना तू जो हात स्थिर ठेवायला शिकवलास तो इथे कामी आला. डोळ्यांचा पांढरा भाग शुभ्र ठेवला नाही, थकलेल्या माणसाचा असतो तसा थोडा गुलाबी-करडा ठेवला आहे. मिशी बारीक आहे, फोटोत आहे तशीच.

पायाखालच्या जमिनीसाठी आपल्या शेतातली माती पाठवते असे आईने मनापासून म्हटले होते आणि त्या वेळी मी गप्प राहिले. सेनिओच्या काठची माती गाळाची, फिकट करडी-पिवळसर आहे आणि आपली काळी. आबा ज्या मातीवर उभे होते तीच त्यांच्या पायाखाली असावी असे मला वाटले, म्हणून प्लास्टरमध्ये रंग मिसळून ती तयार केली. आपल्या गावाची खूण या प्रतिकृतीत कुठे असेल तर ती त्यांच्या चेहऱ्यातच आहे.

इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले ६ भारतीय सैन्याला मिळाले, आणि त्या सहांत दोघे मराठा पलटणीचे: नामदेव जाधव आणि माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, जे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. घाडग्यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावी सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. त्यांचा असा सन्मान झाला याचे मला फार समाधान आहे. परंतु त्यांच्या आगेमागे चालणाऱ्या शेकडो साध्या शिपायांच्या वाट्याला फोर्लीच्या भारतीय सैनिकांच्या दफनभूमीत, जिथे दहन झालेल्यांसाठी वेगळे स्मारक आहे, दगडावरची एक ओळ आली. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ रोजी अमलात आली, म्हणजे आबांच्या मृत्यूनंतर तीन आठवडे आणि दोन दिवसांनी. पणजी हा हिशेब करून रडत असे, असे आत्याने मला सांगितले आहे. घरात त्यांची पदके आहेत, नाव आहे, पण तो ताठ उभा फोटो सोडला तर माणूस म्हणून ते कुठेच नाहीत. तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा थंडीत चहा पीत उभा असलेला आपल्याला दिसावा, एवढ्यासाठी मी हे काम केले.

आता कामाच्या गोष्टी. दसऱ्याच्या आधी मी स्वतः घेऊन येईन, कुरिअरने पाठवणार नाही. खंडेनवमीला पदकांबरोबर तिचीही पूजा करावी असे आईला वाटेल, तर अवश्य करावी, मात्र हळद-कुंकू प्रतिकृतीला न लावता समोरच्या पाटावर वाहावे, कारण तेलरंगावर पडलेली हळद निघत नाही. काचेची पेटी करून घेतली आहे; ती पुढच्या खोलीतल्या कपाटावर, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी, आणि नातवंडांना हवी तेव्हा काचेतून पाहू द्यावी.

लाकडी बैठकीवरची पितळी पट्टी मी कोरी ठेवली आहे. तिच्यावर नाव, पलटण, गाव आणि तारीख एवढेच मावेल. आबांचे पाळण्यातले नाव घालायचे की कागदावरचे, आणि गाव आपले लिहायचे की भरतीच्या कागदावर लिहिलेले आजोळचे, हे बाबांनी ठरवून मला कळवावे, म्हणजे निघण्यापूर्वी कोरून घेता येईल.

आईच्या गुडघ्यांचे तेल संपले असेल तर तेही कळवावे, येताना आणते.

तुमची,
लेक