चेकलिस्टवरच्या टिका मोजू नका, ट्रे उघडून पाहा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: सांगली जिल्ह्यातील प्रसूतिगृहांत चेकलिस्टचा वापर

महोदय, स. न. वि. वि.

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट (तपासयादी) 29 मुद्द्यांची आहे. थांबायच्या जागा चार: दाखल करताना, जोर लावायच्या आधी, बाळ झाल्यावर तासाभरात आणि घरी सोडताना. सिस्टरांना ती माहीत आहे, पण बाळंतपण उरकल्यावर एका बैठकीत भरलेला कागद लगेच ओळखू येतो. शाई एक, टिकांचा कल एक, खाडाखोड नाही.

सगळ्यात जास्त नुकसान चेकलिस्टच्या दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे जोर लावायच्या आधीच्या तपासणीचे होते. बाळाचे डोके दिसण्याआधी ट्रेमध्ये हातमोजे, निर्जंतुक कात्री, नाळेचा क्लॅम्प, कोरडे टॉवेल, सक्शन (तोंडा-नाकातला स्राव ओढायचे साधन), बॅग-मास्क (बाळाला श्वास द्यायची पिशवी व मुखवटा) आणि सिरिंजमध्ये भरलेले 10 युनिट ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणारे औषध) हवे. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. फ्रिज दुसऱ्या खोलीत, त्याला कुलूप आणि किल्ली भलत्याकडे असेल, तर बाळ झाल्यापासून एका मिनिटात इंजेक्शन बसणार कसे? गर्भाशय सैल राहते, वार पडूनही रक्त जात राहते. जतच्या पूर्व भागातून मिरजेला हलवायचे तर ते वाटेतही थांबत नाही.

बॅग-मास्कचेही तसेच. पूर्ण दिवसांच्या बाळाला 1 नंबरचा मास्क लागतो, कमी दिवसांच्या बाळाला 0 नंबरचा. मोठा मास्क डोळ्यांवर येतो, कडेने हवा निसटते आणि छाती हलत नाही. तळहातावर मास्क घट्ट धरून बॅग दाबली की गळती लगेच कळते. दहा सेकंदांचे काम, पण ते कळा सुरू असतानाच व्हायला हवे.

पहिल्या टप्प्यात लघवीतले प्रथिन तपासायच्या पट्ट्या संपलेल्या असतात. मग नुसत्या बीपीवर निभावले जाते आणि झटक्यांचा धोका असलेली बाई झटके रोखणाऱ्या मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट) पहिला डोस (दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम) न घेताच गाडीत बसते.

याच चेकलिस्टच्या, उत्तर प्रदेशातल्या 120 केंद्रांवरील अभ्यासाचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. निम्म्या केंद्रांत मार्गदर्शक आठ महिने सिस्टरांसोबत उभे राहिले. तिथे दुसऱ्या महिन्यात आवश्यक कृतींपैकी सुमारे 73 टक्के होत होत्या. मार्गदर्शक गेल्यावर, बाराव्या महिन्यात, 62. मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. आम्ही हे लपवत नाही. चेकलिस्ट छापून वाटली की काम झाले असे समजणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

म्हणून मागणे असे. तपासणीला येणाऱ्यांनी रजिस्टर नंतर पाहावे. आधी ट्रे उघडावा, बॅग दाबावी, फ्रिजमधला थर्मामीटर वाचावा, आणि शक्यतो रात्री यावे. दुसरा टप्पा मराठीत, मोठ्या अक्षरांत, टेबलासमोरच्या भिंतीवर लावावा. एकीने वाचायचा, दुसरीने ट्रेतली वस्तू हाताने दाखवायची. आता यासाठी रात्रपाळीला दुसरी व्यक्ती लागते. बाळाला श्वास द्यायचा आणि आईचे रक्त थांबवायचे, ही दोन कामे एकाच जोडी हातांनी एकाच मिनिटात होत नाहीत. चेकलिस्टमध्येही ‘मदतनीस ठरली आहे का’ हा प्रश्न आहे. एकटी सिस्टर तिथे कोणाचे नाव लिहिणार?

कळावे,
प्रसूतिसेवेतील परिचारिका व सुईणी,
सांगली जिल्हा